ओळखीचं कोणी आहे का आत?

काशी नेमकी कुठे आहे, हे न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या गोल्फ खेळणाऱ्या मराठी माणसाला ढोबळमानाने माहीत असतं. पाइन व्हॅली हा गोल्फ क्लब कुठे आहे, हे मात्र तो झोपेतून उठवलं तरी सांगेल. दक्षिण न्यू जर्सी, क्लेमेंटनच्या अम्युझमेंट पार्कच्या शेजारी, रेल्वेचे रूळ ओलांडले की फाटक. घरून दीड तासाच्या आत. दोन्ही ठिकाणी मरायच्या आधी एकदा जाऊन यायचं असतं. फरक इतकाच, की काशीला जायला आतल्या माणसाचं बोलावणं लागत नाही.

आमची चौकडी शनिवारी सकाळी मिडलसेक्स काउंटीच्या टॅमरॅक कोर्सवर खेळते. खेळते म्हणजे आम्ही चेंडू मारतो आणि मग तो शोधतो. पुढच्या चौघांचंही तेच चाललेलं असल्यामुळे प्रत्येक टीवर चांगला खोळंबा होतो, आणि त्या खोळंब्यातच आमच्या क्रीडाजीवनाला खरा बहर येतो. विषय ठरलेला: जगातले असे कोर्स, जिथे आम्हाला कोणी उभं करणार नाही.

अण्णा सगळ्यांत ज्येष्ठ. मूळचे चेंबूरचे. तिथला प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ सालचा, आणि अण्णांचं बालपण त्याच्या कुंपणाच्या बाहेरच्या बाजूला गेलं. बाहेर पडलेले चेंडू गोळा करून आतल्यांनाच विकणं हा त्यांचा गोल्फशी आलेला पहिला संबंध. या खेळात आपल्याला नफा झाला तो तेवढ्याच काळात, असं ते सांगतात. डॉक्टर भूलतज्ज्ञ आहेत. तिसरा पुणेकर. हे त्याचं आडनाव नव्हे, पण पोस्टमनसुद्धा आता त्याला तसंच ओळखत असेल. येरवड्याच्या गोल्फ क्लब चौकातून तो जन्मभर रिक्षाने गेला, आत एकदाही गेला नाही, तरी तिथल्या ग्रीन्सबद्दल त्याचं मत ठाम आणि प्रतिकूल आहे. चौथा मी. स्कोअर मी लिहितो, त्यामुळे माझ्याशी सगळे जपून वागतात.

तर पाइन व्हॅली. फिलाडेल्फियाच्या जॉर्ज क्रम्प नावाच्या हॉटेलवाल्याने १९१३ साली रेताड जमिनीवरचं पाइनचं जंगल विकत घेऊन तिथे कोर्स आखायला घेतला. माणूस इतका झपाटलेला, की तिथेच बंगली बांधून राहिला. १९१८ मध्ये तो गेला तेव्हा अठरापैकी चौदा होल झाले होते. दहाव्या होलपाशी एक बंकर आहे, त्याचं नाव मी इथे लिहू शकत नाही. सैतानाच्या शरीरातल्या एका अडचणीच्या जागेवरून ते ठेवलेलं आहे, एवढं पुरे. अण्णांनी ते नाव प्रथम ऐकलं तेव्हा म्हणाले, “म्हणजे आतली माणसं आपल्यासारखीच बोलतात तर!” तेवढ्याने त्यांना धीर आला.

पण पाइन व्हॅलीचं खरं वैभव बंकरात नव्हतं, तिच्या स्वतंत्र ग्रामपंचायतीत होतं. १९२९ पासून ते न्यू जर्सीतलं रीतसर गाव होतं. स्वतःचा मेयर, स्वतःचे पोलीस, आणि २०१० च्या जनगणनेत लोकसंख्या १२. बारा! आमच्या मंडळाच्या गणपतीत नुसत्या मोदकांच्या उपसमितीवर याहून जास्त माणसं असतात आणि त्यांतली निम्मी राजीनाम्याच्या तयारीत असतात. पुढे २०२२ च्या १ जानेवारीला हे गाव शेजारच्या पाइन हिलमध्ये विलीन झालं. “बरं झालं,” अण्णा म्हणाले, “आधी व्हिसा आणि निमंत्रण दोन्ही लागलं असतं. आता नुसतं निमंत्रण.”

वहिनी, म्हणजे डॉक्टरांच्या सौभाग्यवती, आमच्या गोतावळ्यात एकट्याच अशा, की ज्यांचं हँडिकॅप चारचौघांत मोठ्याने सांगता येतं. त्या रविवारी बायकांच्या ग्रुपमध्ये खेळतात आणि सोमवारी त्यांचा स्कोअर डॉक्टरांच्या तोंडून आम्हाला कळत नाही. पाइन व्हॅलीत बायकांना फक्त रविवारी दुपारी खेळता यायचं, तेही कोणाच्या पाहुण्या म्हणून. सभासदत्व त्यांना खुलं झालं २०२१ मध्ये. वहिनींनी जागच्या जागी वजाबाकी केली. “१९१३ ते २०२१. एकशे आठ वर्षं. जपमाळ पुरी झाल्यावर देव पावला म्हणायचा.”

पुणेकराला सुरुवातीला वाटलं, हा पैशाचा प्रश्न आहे. एवढी मोठी रक्कम असेल, की ती ऐकून आपण नाक मुरडायचं आणि ‘यापेक्षा कोकणात एक आंब्याची बाग येईल’ म्हणून विषय संपवायचा. पण असल्या क्लबांत पैसे भरायची खिडकीच नसते. ऑगस्टा नॅशनलला सभासदत्वाचा अर्जच नाही. तेच तुम्हाला बोलावतात किंवा बोलावत नाहीत, आणि बोलावत नाहीत हेसुद्धा कळवत नाहीत. हे ऐकून पुणेकर फार अस्वस्थ झाला. जिथे अर्जच नाही, तिथे त्रुटी काढायच्या कशात?

खरी मेख इथे आहे. आम्ही सगळे देश सोडून आलो तेव्हा विमानतळावर पोचवायला आलेल्या मंडळींना एक गोष्ट अभिमानाने सांगून आलो होतो: तिकडे वशिला चालत नाही, माणसाची लायकी बघतात. पुढची काही दशकं लायकी दाखवण्यात गेली. घर झालं, मुलं कॉलेजला लागली, हातात गोल्फचा संच आला, आणि आता आम्ही चौघे टॅमरॅकच्या टीवर उभे राहून एकमेकांना तोच प्रश्न विचारतो, जो आमचे वडील शाळाप्रवेशापासून गॅसच्या नंबरापर्यंत सगळीकडे विचारत आले: ओळखीचं कोणी आहे का आत?

ओळखी निघतात, नाही असं नाही. डॉक्टरांची तर अगदी हातातोंडाशी आली होती. एका पेशंटला भूल देताना त्यांनी नेहमीप्रमाणे त्याचं मन रमवायला विचारलं, फावल्या वेळात काय करता? तो म्हणाला, गोल्फ. डॉक्टरांचा हात क्षणभर थबकला. कुठे खेळता? “पाइन व्ह—” एवढं म्हणून तो झोपला. चार तास तो त्यांच्यासमोर झोपलेला होता. डॉक्टर सांगतात, इतक्या काळजीने आपण आजवर कोणाचा रक्तदाब पाहिलेला नाही. शुद्धीवर आला तेव्हा त्यांची पाळी संपली होती, आणि नंतर फोन करावा तर पेशंटच्या खासगीपणाचा कायदा आडवा. “सर्जनच्या ओळखी होतात, दातांच्या डॉक्टरच्या होतात,” ते म्हणतात. “आमचा पेशंट ओळख होते न होते तोच घोरायला लागतो.” आणि तो ‘पाइन व्हॅली’च म्हणत होता कशावरून, ही पुणेकराची शंका. पाइन व्ह्यू नावाचं एखादं मिनी गोल्फही असू शकतं.

समजा ओळख झालीच, तरी पुढचा नियम फार कडक: आपण होऊन विचारायचं नाही. ‘मला तुमच्या क्लबवर नेता का?’ हे वाक्य ज्याने उच्चारलं, तो कायमचा बाद. यावर आमची मंडळी निर्धास्त होती. न विचारता मिळवणं यात आपला हात कोण धरणार? चहा नको-नको म्हणत खुर्ची पुढे ओढून बसणारा आपला समाज. पण आडून सुचवलेलं कळायला समोरचा कानही तसाच लागतो. पुणेकराच्या ऑफिसात अशाच एका क्लबाचा सभासद होता. पुणेकराने त्याला सांगितलं, “तुमचा कोर्स फार सुंदर आहे असं ऐकतो.” तो म्हणाला, “हो, आहे.” विषय संपला. महिन्याभराने पुणेकराने बाण जरा जवळून सोडला: “या वीकएंडला मी अगदी मोकळा आहे.” तो म्हणाला, “वा! आराम करा.” त्या जागी कोणी कुलकर्णी असता, तर मनात नसताना, निदान तोंडदेखलं तरी, ‘अहो, मग या की एकदा’ म्हणाला असता. आणि आपण त्या ‘एकदा’ला तारीख लावून मोकळे झालो असतो.

फार लांब कशाला, आमच्या एडिसनमध्येच असा एक क्लब आहे. प्लेनफील्ड कंट्री क्लब. नाव शेजारच्या गावाचं, कोर्स आमच्या गावात, आराखडा डोनाल्ड रॉसचा. ओक ट्री रोडवर मेथीच्या जुड्या निवडत असताना हा अप्राप्य स्वर्ग आपल्यापासून गाडीने काही मिनिटांवर आहे, हा विचार मनात आला की मेथीतलं लक्ष उडतं. २०११ आणि २०१५ मध्ये तिथे बार्कलेज स्पर्धा झाली. २०११ ला तर आयरीन नावाचं चक्रीवादळ येतंय म्हणून एक फेरी कमी करून ती आटोपती घेतली. आम्ही तिकीट काढून बघायला गेलो होतो. तेव्हापासून अण्णा परक्या माणसांसमोर ‘मी प्लेनफील्डला जाऊन आलोय’ असं सांगतात. ‘बघायला’ हा शब्द ते गाळतात.

अण्णांची ही एक कलाच आहे. सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स म्हणजे गोल्फचं मूळपीठ, आणि गंमत अशी की तो सार्वजनिक आहे. चिठ्ठीत नाव निघालं तर कोणीही खेळावं. रविवारी मात्र खेळ बंद. गावकरी त्या हिरवळीवर कुत्री फिरवतात, पोरं पळतात. अण्णा स्कॉटलंडला गेले ते नेमके रविवारी. पहिल्या होलपासून अठराव्यापर्यंत चालले, स्विल्कनच्या दगडी पुलावर फोटो काढला आणि परत येऊन आम्हाला सांगितलं, “ओल्ड कोर्स पुरा केला. एकही चेंडू हरवला नाही.” यात खोटं काय आहे ते दाखवा, असं त्यांचं आव्हान अजून कायम आहे.

पुणेकराचं दैवत वेगळं. एडिनबरोजवळचं म्युरफील्ड. १७४४ साली गोल्फचे पहिले तेरा नियम ज्या मंडळींनी लिहून काढले, त्यांचा हा क्लब. पाहुण्यांना वार नेमून दिलेले, जेवणाला कोट-टाय सक्तीचा. १९८० साली टॉम वॉटसनने तिथे ब्रिटिश ओपन जिंकली. संध्याकाळी आनंदाच्या भरात तो आणि बेन क्रेनशॉ जुन्या लाकडी दांड्यांच्या काठ्या घेऊन गंमत म्हणून एकदोन होल खेळायला बाहेर पडले, तर क्लबच्या सेक्रेटरीने दोघांना चांगलंच फैलावर घेतलं. आम्ही ही गोष्ट ‘पाहा, जिंकलेल्या माणसाचीही ही गत’ म्हणून सांगतो. पुणेकर सांगतो तेव्हा त्याचा गळा दाटून येतो. “चषक मिळाला म्हणून काय झालं? परवानगी काढली होती का?” तो सेक्रेटरी मूळचा सदाशिव पेठेतला असणार, अशी त्याची श्रद्धा आहे. अमेरिकेत त्याला तसं समाधान एकाच ठिकाणी मिळालं. लाँग आयलंडवरचा बेथपेज ब्लॅक सरकारी आहे, तिथे लोक नंबर लावून गाडीत रात्र काढतात आणि पहाटे खेळायला मिळतं. पहिल्या टीपाशी पाटी आहे: कोर्स अत्यंत अवघड असून निष्णात खेळाडूंनीच यावं, अशी शिफारस आहे. रात्रभर गाडीत आखडून घेतल्यावर सकाळी एवढ्या स्पष्ट शब्दांत अपमान! पुणेकर त्या पाटीपाशी बराच वेळ उभा होता. मग खेळला, तो निष्णात नसल्याचं सिद्ध झालं, पण तक्रार नाही. “लेखी कळवलं होतं त्यांनी.”

ऑगस्टाची चर्चा एप्रिलमध्ये, तिथल्या मास्टर्स स्पर्धेच्या वेळी. तिथे प्रेक्षकाला प्रेक्षक म्हणत नाहीत, पॅट्रन म्हणतात. मोबाइल नेता येत नाही, पळता येत नाही, आणि पिमेंटो चीज सँडविच दीड डॉलरला मिळतं. आमच्यापैकी तिघांना कोर्सपेक्षा या सँडविचचंच कौतुक जास्त. “दीड डॉलर म्हणजे त्यांना परवडतं कसं?” यावर एकदा चार होल गेले. ऑगस्टाची मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट मात्र आयझेनहॉवर यांची. सतराव्या होलवर एक पाइनचं झाड होतं, आणि त्यांचा चेंडू हटकून त्यावर आपटायचा. महायुद्ध जिंकलेला सेनापती, देशाचा विद्यमान राष्ट्राध्यक्ष, क्लबाचा सभासद. १९५६ च्या बैठकीत त्यांनी उठून ते झाड तोडावं असं सुचवलं. अध्यक्षस्थानी क्लिफर्ड रॉबर्ट्स. त्यांनी मुद्दा नियमबाह्य ठरवला आणि बैठकच तहकूब केली. आपल्या हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगचा विषय निघाला की चेअरमन करतात, अगदी तसं. झाड आयझेनहॉवर यांना पुरून उरलं. शेवटी २०१४ च्या बर्फवादळात मोडलं तेव्हा काढावं लागलं.

ऑगस्टात शिरायला एक चोरवाट आहे, असा शोध डॉक्टरांनी लावला. मास्टर्सच्या वार्तांकनाला आलेल्या पत्रकारांची सोडत काढतात, आणि ज्यांची नावं निघतील त्यांना स्पर्धा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तोच कोर्स खेळायला मिळतो. लगेच ठरलं: अण्णांनी मंडळाच्या दिवाळी अंकाचे क्रीडा-प्रतिनिधी व्हायचं. अंक वर्षातून एकदा निघतो आणि तोही बहुतेकदा संक्रांतीला, हा तपशील अर्जात घालायचा नाही. वहिनींनी विचारलं, “एप्रिलची स्पर्धा जानेवारीच्या अंकात?” अण्णा म्हणाले, “विश्लेषण आहे ते. बातमी नव्हे.” संपादकांपर्यंत प्रस्ताव गेला. त्यांनी उलट निरोप पाठवला, की ते स्वतःही हल्ली गोल्फ शिकताहेत.

बॉब होप कॅलिफोर्नियातल्या सायप्रस पॉइंटबद्दल एक विनोद करायचा: क्लबाने एकदा सभासदांसाठी जोरदार मोहीम काढली आणि चाळीसेक सभासद घालवून दिले. विनोद ऐकल्यावर आम्ही हसतो, पण अण्णा हसत नाहीत. त्यांना त्या घालवलेल्या चाळिसांची काळजी. “ते बिचारे आता कुठे खेळत असतील?”

आणि अचानक आमच्याकडे त्यांतलाच एक येऊन उभा राहिला. घालवलेला नव्हे, चांगला चालू सभासद. डॉक्टरांच्या हॉस्पिटलातला सर्जन. क्लबाचं नाव लिहीत नाही. त्या क्लबालाही ते आवडणार नाही. डॉक्टर त्याच्याभोवती बरीच वर्षं सुचवासुचवी करत होते. त्याने एक दिवस हात धुता धुता सरळ विचारलं, “शनिवारी तुम्ही कुठे खेळता? मी आलो तर चालेल?” त्याला विचारताना काहीही वाटलं नाही. असली माणसं पुढे का जातात, ते डॉक्टरांना त्या दिवशी कळलं.

तेव्हा माझी कंबर धरली होती, म्हणून चौघांत एक जागा रिकामी होती. मी गाडीत बसून स्कोअर लिहायला गेलो. पाहुण्याने आयुष्यात टी टाइम नावाची चीज पाहिली नव्हती. त्याच्या क्लबवर मनात येईल तेव्हा जायचं आणि समोर कोणी नसतं. इथे पहिल्या टीवर तीन टोळकी ताटकळत होती. त्याला वाटलं, काहीतरी अपघात झालाय. मग सहाव्या टीवर अण्णांनी डबा उघडला. थालीपीठ आणि लसणाची चटणी. त्याने चटणी घेतली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि पुन्हा घेतली. पुणेकराने झाडाच्या बुंध्याशी गेलेला चेंडू बुटाने हळूच बाहेर ढकलला, तेही त्याने पाहिलं. काही बोलला नाही. उलट नवव्या होलला त्याने मला हळूच विचारलं, हा स्थानिक नियम आहे का?

आम्ही आमच्या परीने वातावरणनिर्मिती करत होतो. पाइन्स, वाळू, जुने क्लब, पाहुणचाराची थोर परंपरा. अण्णांनी तर चेंबूरच्या कुंपणाची कथा इतकी करुण सांगितली, की दगडाला पाझर फुटावा. अठराव्या होलवर टोप्या काढून हस्तांदोलन झालं. आम्ही श्वास रोखला. तो म्हणाला, “मस्त सकाळ गेली. आमच्याकडे खेळताना कोणी बोलतच नाही. पुढच्या शनिवारीही येऊ का?”

पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीशी तातडीची बैठक भरली. त्याला घ्यावं की नाही? कोर्सवर एका वेळी चौघांनाच सोडतात, म्हणजे कोणीतरी बाहेर पडणार. या मुद्द्यावर माझ्या कंबरेची चौकशी नको इतक्या आस्थेने झाली. डॉक्टरांचा आक्षेप असा, की आठवडाभर ऑपरेशन थिएटरात ज्याचा आवाज ऐकायचा, त्याचाच शनिवारीही का ऐकायचा. पुणेकराची हरकत तात्त्विक होती: तो आपले सगळे फटके मोजतो. मोठ्याने मोजतो. एकदा ही प्रथा पडली की आवरता येणार नाही. अण्णा चटणीच्या बाजूने झुकलेले होते, पण त्यांनाही वाटलं, की एवढ्या मोठ्या क्लबाच्या माणसाला पहिल्याच भेटीनंतर घेतलं तर आपली काही किंमत राहत नाही.

शेवटी प्रतीक्षायादी करायची ठरली. त्यावर सध्या एकच नाव आहे. निरोप द्यायचं काम डॉक्टरांकडे आलं आणि मसुदा अण्णांनी तोंडी सांगितला: “जागा झाली की आम्हीच कळवू म्हणावं. आणि त्याला समजावून सांगा, मध्ये मध्ये विचारत राहू नकोस. बरं दिसत नाही ते.”